बडनेरा की नागपूर?

आमच्या टीममध्ये गेले दोन आठवडे एक एक्सेल शीट फिरतेय. प्रोजेक्टची नाही, केनियाची. टीममधले दोघं नवरा-बायको पुढच्या वर्षी आफ्रिकन सफारीला जाणार आहेत. सुट्टी मोजून नऊ दिवस, म्हणून मसाई मारा करायचं की त्सावो यावर रोज लंच टेबलवर घमासान चालू असतं. शीटमध्ये कॉलम आहेत: विमानभाडं, हॉटेल, गाडीतले तास, सिंह दिसायची शक्यता. सल्ले देणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे, आणि मी आफ्रिका फक्त डिस्कव्हरीवर पाहिलीय. :)

तर परवा ठाण्याहून डोंबिवलीला परत येताना (म्हणजे दाराजवळ एका पायावर उभं राहून विचार करताना) लक्षात आलं की आपल्या घरीपण अगदी हाच प्रश्न पडून आहे, फक्त छोट्या साइझमध्ये. बाबा दोन वर्षांपूर्वी रेल्वेतून रिटायर झाले. सगळी नोकरी कल्याण-कसारा लाईनवर, ट्रॅकच्या कामात. गेल्या पावसाळ्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. हॉस्पिटलातून घरी येताना टॅक्सीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकदा जंगलातला वाघ बघायचाय रे." बाबा स्वतःसाठी काही मागत नाहीत. मागितलेलं मला तरी आठवत नाही. त्यामुळे ते वाक्य डोक्यात पक्कं बसलं.

मग मीही एक शीट बनवली. दोन नावं: ताडोबा आणि मेळघाट. सुट्टी एकच, बजेट एकाच ट्रिपचं, आणि बाबांचे गुडघे आणि हृदय बघता दोन्ही एकाच फेरीत जमणार नाही. गंमत म्हणजे दोन्हीकडे जायला गाडी एकच आहे. कल्याणला संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडायची (बाबांचा पास आहेच). पहाटे बडनेऱ्याला उतरलो की अमरावती, परतवाडा करत मेळघाट. झोपून राहिलो तर सकाळी नागपूर, आणि तिथून खाली चंद्रपूरच्या बाजूला ताडोबा. म्हणजे प्रश्न फक्त इतकाच, की अलार्म लावायचा की नाही.

वाघ दिसायच्या कॉलममध्ये ताडोबा सरळ जिंकतं. त्यात वाद नाही. पण हे असं का आहे हे शोधायला मी एका शनिवारी बसलो आणि मग पुढचे तीन वीकएंड त्यातच गेले. आजचा लेख त्याचाच. थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

सुरुवात 'सफारी' या शब्दापासून. हा शब्द स्वाहिलीतून जगभर गेला, आणि स्वाहिलीत तो अरबी 'सफर'वरून आला. आपली मराठीतली सफर तीच. स्वाहिलीत त्याचा अर्थ नुसता प्रवास. प्राणी, जिप्सी, कॅमेरे हे सगळं नंतर चिकटलं. दुसरी गोष्ट आमच्या लंच टेबलवरच्या त्सावोची. तिथे नॅशनल पार्क झालं १९४८ मध्ये. पण त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८९८ मध्ये, तिथे रेल्वेचा पूल बांधला जात होता. मोंबासाहून निघालेल्या त्या लाईनसाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्सावोच्या पुलावर दोन सिंहांनी त्यांच्यातल्या अनेकांना तंबूतून उचलून नेलं आणि काही दिवस काम बंद पडलं. त्यावर पुस्तकं आली, सिनेमे आले. माझ्या डोक्यात मात्र एवढंच राहिलं की तिथे आधी रेल्वे आली आणि मग पार्क. आपल्याकडेही असंच झालंय का?

झालंय. आणि ते अगदी आपल्या ठाण्या-कल्याणपासून सुरू होतं.

१६ एप्रिल १८५३ ही तारीख ठाण्याच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही पाठ असते. बोरीबंदर ते ठाणे, पहिली गाडी. पण त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे १८५३ मध्ये, हैदराबादच्या निजामाने एका तहानुसार वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. निजामाच्या नावाने इंग्रजांनी एक फौज ठेवली होती, तिच्या खर्चाची बाकी थकली होती, त्यापोटी. मेळघाट या वऱ्हाडात. त्याच वर्षाच्या शेवटी नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारस न ठेवता गेले, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर आणि ताडोबाचं जंगल, या राज्यात. आणि १ मे १८५४ ला रेल्वे ठाण्याच्या पुढे कल्याणला पोचली.

म्हणजे बघा, साधारण एका वर्षात चार गोष्टी झाल्या. ठाण्याला रेल्वे, मेळघाट इंग्रजांकडे, ताडोबा इंग्रजांकडे, कल्याणला रेल्वे. चारही वेळेला गव्हर्नर जनरल एकच, लॉर्ड डलहौसी. देशभर रेल्वेचं जाळं का हवं हे सांगणारं त्याचं प्रसिद्ध टिपण याच १८५३ च्या एप्रिलमधलं. सैन्य पटकन हलवता यावं आणि कापूस बंदरापर्यंत यावा, ही त्यातली मुख्य कारणं. कापूस कुठला, तर मुख्यतः वऱ्हाडचा. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये कसाऱ्याच्या पुढचा थळ घाट रेल्वेने चढला आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. आपण आज रात्री झोपून ज्या रुळांवरून बडनेऱ्याला जातो, तीच ही लाईन.

आता रूळ म्हटले की स्लीपर आले. ह्या भागात बाबा माझे एक्स्पर्ट. ते नोकरीला लागले तेव्हा सिमेंटचे स्लीपर बऱ्याच ठिकाणी आले होते, पण पुलांवर आणि सांध्यांच्या ठिकाणी लाकडी असायचेच. "एक लाकडी स्लीपर उचलायला किती माणसं लागतात माहितीये?" हा त्यांचा आवडता प्रश्न. मैलभर लाईनला साधारण दीड-दोन हजार स्लीपर लागतात. लाकूड उन्हापावसात दहा-पंधरा वर्षांत खराब होतं, म्हणजे तेवढेच स्लीपर पुन्हा. देशभराच्या लाईनींचा गुणाकार तुम्हीच करा. त्या वेळी आपल्याकडची जी लाकडं प्रक्रिया न करता टिकायची ती म्हणजे साग, साल आणि देवदार. त्यातला साग आमच्या या दोन्ही जंगलांत.

१८६० च्या दशकात सातपुड्यात फिरलेला जेम्स फोर्सिथ नावाचा एक कॅप्टन होता. त्याचं मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलुखावरचं पुस्तक १८७१ मध्ये आलं. शिकारीच्या गोष्टींनी भरलेल्या त्या पुस्तकात, रेल्वे येणार म्हटल्यावर सागाच्या जंगलांवर कुऱ्हाड कशी बेसुमार चालली तेही येतं. हे असंच चाललं तर पुढच्या स्लीपरना लाकूडच उरणार नाही, हे सरकारच्या लक्षात आलं. १८६४ मध्ये वनखातं निघालं. त्याचा पहिला प्रमुख डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला आणि १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक. जंगल 'राखीव' झालं. राखीव कशासाठी, तर मुख्यतः लाकडासाठी. वाघासाठी नाही. वाघ मारणाऱ्याला उलट बक्षीस मिळायचं.

इथपर्यंत दोन्ही जंगलांची गोष्ट सारखीच आहे. पुढे फाटे फुटतात.

आधी ताडोबा. नाव तारू नावाच्या गोंड गावप्रमुखावरून पडलं असं सांगतात. वाघाशी झुंजताना तो मेला, आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं झालं. पौषात तिथे यात्रा भरायची परंपरा आहे. म्हणजे ज्या तळ्याकाठी आपण जिप्सीत श्वास रोखून बसतो, ते आधी एक देवस्थान आहे, आणि देवही वाघाने मारलेला माणूस. चांद्याला कित्येक शतकं गोंड राजांचं राज्य होतं, नंतर भोसले, नंतर इंग्रज. १९३५ मध्ये ताडोबात शिकार बंद झाली. आणि १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. हे वाक्य सगळीकडे असतं आणि ते बरोबरही आहे. पण १९५५ मध्ये महाराष्ट्र नव्हताच! विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं तेही त्याच वर्षी, त्याच राज्यात. म्हणजे कान्हा आणि ताडोबा ही एका घरातली भावंडं. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि ताडोबा आपल्या वाट्याला आलं. पुढे १९८६ मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य झालं आणि १९९० च्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आज बफर धरून क्षेत्र १७२७ चौरस किलोमीटरच्या आसपास.

तर ताडोबात वाघ जास्त का दिसतात? एक तर जमीन बऱ्यापैकी सपाट. दुसरं, तळी आणि पाणवठे. उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येतोच. तिसरं, सांबर-चितळ भरपूर, कारण संरक्षण लवकर आणि सलग मिळालं. आणि चौथं म्हणजे पिढ्यान् पिढ्या जिप्सी बघून वाघांना गाड्यांची सवय झालीय. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि त्यातले शंभराच्या आसपास एकट्या ताडोबा प्रकल्पात.

आता मेळघाट. नावातच सगळं आलं, घाटांचा मेळ. सातपुड्याच्या या दक्षिणेकडच्या रांगेला गाविलगडचे डोंगर म्हणतात. १५ डिसेंबर १८०३ ला गाविलगडाचा किल्ला आर्थर वेलस्लीने घेतला. हाच माणूस पुढे बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवतो. किल्ल्याला लागून चिखलदरा, विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण, जिथे इंग्रजांनी लावलेली कॉफी अजून होते. डोंगरातले मूळ रहिवासी कोरकू. भाषेची आवड असणाऱ्यांसाठी एक गोष्ट: गोंडी ही द्राविडी भाषा, म्हणजे तेलुगू-तमिळची नातेवाईक. कोरकू ही मुंडा कुळातली, म्हणजे तिची नातेवाईक संथाली, थेट झारखंडकडची. आपल्या एका राज्याच्या दोन जंगलांत दोन वेगळी भाषाकुळं, आणि दोन्हींपैकी एकही मराठीचं नाही.

मेळघाट आकाराने दांडगं, बफरसकट २७६८ चौरस किलोमीटर. आपल्या येऊरच्या मागे पसरलेलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०३ चौरस किलोमीटर आहे. तशी सव्वीस त्यात बसतील. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत वाघांचा आकडा १८२७ आला आणि सरकार हादरलं. १ एप्रिल १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झालं तेव्हा देशातले पहिले नऊ प्रकल्प निवडले, आणि त्यात महाराष्ट्रातून एकच नाव होतं, मेळघाट. ताडोबा तेव्हा अठरा वर्षांचं जुनं राष्ट्रीय उद्यान होतं, तरी त्या यादीत नव्हतं. आज शीटमध्ये हरणारं जंगल तेव्हा पहिल्या यादीत होतं. वाघ 'दिसणं' हा तेव्हा निकषच नव्हता. वेगवेगळ्या प्रकारच्या जंगलांचे नमुने वाचवायचे होते, आणि सातपुड्याचं कोरडं, डोंगराळ, सागाचं मोठं सलग जंगल हा त्यातला एक नमुना.

दिसण्यावरून एक पक्षी आठवला. रानपिंगळा. हे छोटं घुबड १८७२ मध्ये पहिल्यांदा मिळालं, पुढच्या वर्षी त्याला शास्त्रीय नाव मिळालं, आणि १८८४ नंतर खात्रीलायक नोंदच नाही. १९१४ ची एक नोंद होती, पण ती एका नामांकित इंग्रज पक्षीसंग्राहकाने चोरलेल्या नमुन्यावर खोटं लेबल लावून केली होती. लोक त्या लेबलावर भरवसा ठेवून भलतीकडेच शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी ती बनवाबनवी उघड केली, जुन्या खऱ्या लेबलांवरून शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांच्या टीमला तो जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! मग मेळघाटातही सापडला, आणि तिथे तर चांगल्या संख्येने. २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही दिसला. तानसा म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. इतकी वर्षं नामशेष धरलेला पक्षी, आणि आसनगाव लोकलपासून फार लांब नाही.

हे सगळं मी बाबांना रोज रात्री जेवताना थोडं थोडं सांगत होतो. स्लीपरचा भाग त्यांना फार आवडला. एका गोष्टीवर मात्र ते एकदम गप्प झाले. ती आता सांगतो, कारण माझी शीट तिथेच गडबडली.

वनखात्याला जंगल राखायचं तर मजूर हवे होते. साग तोडायला, रस्ते करायला, वणवे विझवायला. म्हणून इंग्रजांच्या काळात खात्याने स्वतःच जंगलात 'वनग्रामं' वसवली. कोरकूंची झाडं तोडून-जाळून केलेली फिरती शेती बंद केली आणि त्यांना मजूर म्हणून एका जागी बसवलं. पुढे शंभरेक वर्षांनी जंगल वाघांसाठी राखीव झालं, आणि त्याच खात्याच्या वारसांनी त्याच गावांना सांगितलं की आता बाहेर चला. मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड ही गावं आधी हलली, मग आणखी कितीतरी. ताडोबातून बोटेझरी, आणि कोलसा गावातली काही घरं. ही फक्त आपलीच गोष्ट नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीतून १९५९ मध्ये मसाई लोकांना असंच बाहेर काढलं होतं. आमच्या ऑफिसातल्या शीटमधल्या 'मसाई मारा'च्या नावात मसाई आहेत, पण कॉलममध्ये कुठे नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकांगी होईल. आपल्याकडचं अलीकडचं पुनर्वसन कायद्याने स्वेच्छेचं आहे. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख असं पॅकेज आहे. शाळा, दवाखाना, रस्ता हवा म्हणून स्वतःहून निघालेली गावंही आहेत. मेळघाटातले बालमृत्यू १९९० च्या दशकात देशभर गाजले होते, हे विसरून जंगलातल्या जगण्याच्या रोमँटिक गोष्टी करणं बरं नाही. गावं हलल्यावर रिकाम्या शेतांत गवत वाढलं, चितळं आली, मागून वाघ आला, हेही खरं. २००६ मध्ये देशात १४११ वर आलेला वाघांचा आकडा २०२२ मध्ये ३६८२ झालाय, त्यात या रिकाम्या झालेल्या गावांचाही वाटा आहे. आणि चंद्रपूर जिल्ह्यात आजही मोहफुलं नाहीतर तेंदूपत्ता गोळा करायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. त्यांना 'सहजीवन' हा शब्द डोंबिवलीत बसून ऐकवायची माझी हिंमत नाही.

पण २०१९ च्या जानेवारीत मेळघाटातून पुनर्वसन झालेल्या काही गावांतले लोक, आम्हाला कबूल केलेलं मिळालं नाही म्हणत, परत जंगलात शिरले. वनखात्याच्या आणि पोलिसांच्या लोकांशी त्यांची झटापट झाली आणि दोन्हीकडची माणसं जखमी झाली. हेही त्याच शीटमधलं.

हे सांगितलं तेव्हा बाबा गप्प झाले. आई म्हणाली, "कशाला सांगतोस रे त्यांना असलं." मग मला आठवलं. बाबा सातवीत असताना शहापूर तालुक्यातल्या एका धरणात आजोबांचं शेत आणि घर गेलं. ते पाणी शहरांकडे येतं. आजोबांना पैसे किती मिळाले, कधी मिळाले, हा आमच्या घरात न बोलायचा विषय. बाबा शहाराकडे आले आणि पुढे ट्रॅकवर नोकरीला लागले ते त्यामुळेच. मला हे माहीत होतं, पण 'पुनर्वसन' हा शब्द वाचताना ते मला एकदाही आठवलं नव्हतं. मी पानंच्या पानं वाचत होतो आणि आपण दुसऱ्या कुणाबद्दल वाचतोय असंच समजत होतो.

थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, "आता तिथे माणसं आहेत का?"

म्हटलं ताडोबाच्या गाभ्यात आता फारशी नाहीत, गावं मुख्यतः बफरमध्ये आहेत. मेळघाटात मात्र सेमाडोह, हरिसाल अशी गावं रस्त्यावरच लागतात. हरिसाल तर २०१६ च्या सुमारास देशातलं पहिलं 'डिजिटल गाव' म्हणून गाजलं होतं. कोरकू माणसं आहेत, त्यांचे बाजार आहेत, सिपना नदी आहे.

"आणि रेल्वे?"

आता इथे माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज लाईन मेळघाटच्या जंगलातूनच जायची. धूळघाटला चढ काढण्यासाठी ती लाईन गोल फिरून स्वतःलाच ओलांडते. २०१७ च्या सुरुवातीला ती गेज बदलण्यासाठी बंद झाली, आणि मग वाद सुरू झाला. ब्रॉडगेज व्याघ्र प्रकल्पातून न्यायची की बाहेरून वळसा घालून? २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिलं की वळसा घाला. एकेकाळी रेल्वेसाठी ज्या डोंगरांतला साग पडला, तिथल्या वाघासाठी आता रेल्वेने लांबून जावं, अशी मागणी एका राज्य सरकारने केली. बाबांनी चमचा खाली ठेवला. "स्वतःला ओलांडते म्हणजे? ग्रेडियंट किती आहे?" मग अर्धा तास गुगल मॅप. चहा गार झाला.

तर निकाल. बाबांचं मत मेळघाट. मी म्हटलं, "बाबा, तिथे वाघ बहुतेक दिसणार नाही. तुम्हाला वाघ बघायचा होता ना?" ते म्हणाले, "असेल ना पण तिथे? मग झालं. नाही दिसला तर नाही दिसला." आईने मात्र जाहीर निषेध नोंदवला. "अहो, मला वाघच बघायचाय. तुमचे रूळ मी तीस वर्षं ऐकतेय."

तडजोड अशी झाली की यंदा बडनेरा, आणि पुढच्या वर्षी आईसाठी नागपूर. डॉक्टरांना घाटरस्त्याचं विचारून झालंय, हळूहळू जा म्हणाले. पुढच्या वर्षी बाबांच्या तब्येतीचं काय असेल ते मला माहीत नाही, आणि मनात कुठेतरी धाकधूक आहेच की वाघ दाखवायची संधी मी हातची घालवतोय का. पण निवड त्यांनी केलीय, सगळं ऐकून केलीय.

माझ्या शीटमध्ये मी शेवटी एक कॉलम वाढवला, 'इथे आधी काय झालं'. त्याला मार्क देता येत नाहीत, टोटलमध्ये तो धरताच येत नाही. तरी ठेवलाय. ताडोबाला जाल तरी तो भरून जा, तळ्याकाठच्या तारूला नमस्कार करून या. वाघ तर दिसेलच. ऑफिसातल्या केनियाच्या शीटमध्येही तो कॉलम टाकून बघितला. अजून कुणी डिलीट केलेला नाही.

तिकिटं काढलीत. बाबांनी अलार्म आत्तापासूनच लावून ठेवलाय, बडनेरा चुकायला नको म्हणून. परत आलो की लिहीनच. तुमच्यापैकी कुणी धूळघाटच्या त्या लाईनवरून मीटरगेजने गेलं असेल तर नक्की सांगा, बाबांना वाचून दाखवायचंय.